'ओपीडीत दाखवा' म्हणजे नेमकं कुठे?

एमबीबीएसनंतरच्या इंटर्नशिपमधल्या पीएसएमच्या (म्हणजे सामाजिक आरोग्याच्या) १२ आठवड्यांना आमच्यात 'पीजीच्या (पुढच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या) अभ्यासाची सुट्टी' म्हणायचे. मीही पुण्याहून एमसीक्यूचं, म्हणजे पर्यायी प्रश्नांच्या पुस्तकांचं, गाठोडं घेऊनच आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या पीएचसीवर, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रावर, गेले.

दुसऱ्याच आठवड्यात एका आजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "डाव्या अंगावरनं वारं गेलं व्हतं," सून म्हणाली. पुण्यात दहा दिवस ॲडमिट, मग घरी. कार्डावरची शेवटची ओळ: १५ दिवसांनी ओपीडीत दाखवा. त्याला दोन महिने होऊन गेले होते. गोळ्या कधीच संपलेल्या, वरचं बीपी १९०. "पुन्याला जायाचं म्हंजी दोघींचं भाडं, वर माझा रोज बुडतो."

संपलेली गोळी होती ॲम्लोडिपिन, बीपीची. ती आमच्याच औषधाच्या कपाटात होती, तीही फुकट. पण कार्डावर कंपनीचं नाव, डॉक्टरी अक्षरात. आणि गोळी गावाजवळ मिळेल हे कुणी सांगितलेलंच नाही. अशी कार्डं मी स्वतः वॉर्डात पन्नासेक तरी लिहिली असतील.

मागास भागासाठी मेडिकल कॉलेजने काय करावं म्हटलं की सगळ्यांना शिबिर सुचतं. बॅनर, फोटो, संध्याकाळच्या आत गाडी परत. शिबिरात बीपी सापडतं हो, पण पुढची वीस वर्षं ते सांभाळायचं कुणी? डोंगरी-आदिवासी भागात साधारण २०,००० लोकांमागे एक पीएचसी आणि ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र धरलेलं असतं. तिथल्या सिस्टर आणि आशाताई पेशंटला घरासकट ओळखतात. कॉलेजने त्यांच्याशी धागा जोडावा: डिस्चार्ज झाला की पीएचसीला फोन, आणि तिथल्या डॉक्टरला अडलं तर विचारायला वॉर्डातला एक नंबर. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या वढूला गावातल्याच बायकांना आरोग्याच्या कामासाठी तयार केलं होतं. त्यांना १९९३ मध्ये मॅगसेसे मिळालं.

आणि शिकवणारे काही फक्त कॉलेजातच नसतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे नुसतं पोट दुखतं म्हणत आला, तर आधी मण्यार साप चावल्याचा विचार करायचा, चाव्याची खूण दिसो न दिसो. हे मी पाठ केलं होतं. रात्री अडीचला आठवण करून दिली ती सिस्टरने.

तुम्हा नव्या एमबीबीएसवाल्यांच्या बॅचला तर पहिल्या वर्षापासूनच गावातली कुटुंबं दत्तक घ्यायची, म्हणजे त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचं आहे. फॉर्म भरून पळू नका. घरातल्या गोळ्यांचा डबा बघायला मागा. पीजीची पुस्तकंही न्या खुशाल, संध्याकाळी वेळ मिळतो.

मी आता कार्डावर औषधाचं मूळ नाव सुट्या अक्षरात लिहिते, खाली मराठीत पीएचसीचं नाव. त्याआधी पेशंटला विचारते, तुमच्या गावची एसटी किती वाजताची?