टोटल वॉर: वॉरहॅमरमध्ये आपल्यापेक्षा मोठ्या फौजेला कसं हरवायचं

लढाईआधीच्या पडद्यावर दोन सेनापती समोरासमोर येतात. बलाबल दाखवणारी पट्टी बहुतेक सगळी शत्रूच्या रंगाने भरलेली असते आणि ऑटो-रिझॉल्व्ह, म्हणजे न खेळता लढाईचा निकाल लावणारी सोय, सांगतं की पराभव ठरलेला आहे. नवे खेळाडू इथे जुनी सेव्ह उघडतात. अनुभवी खेळाडू मात्र अशाच लढाईची वाट बघत असतात. ऑटो-रिझॉल्व्ह फौजांचं वजन करतं, पण तुम्ही कुठल्या टेकडीवर उभे राहणार आणि तुमचे घोडेस्वार कुणाच्या पाठीत घुसणार हे त्याला कळायचं काहीच कारण नाही.

क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश स्टुडिओने गेम्स वर्कशॉपच्या वॉरहॅमर जगावर ही व्हिडिओ गेम मालिका बेतली. पहिला भाग 2016 साली आला, दुसरा 2017 मध्ये आणि तिसरा 2022 मध्ये. खाली जे लिहिलं आहे ते बहुतेक तिन्ही भागांत चालतं. उदाहरणं दिली आहेत ती एम्पायर (माणसांचं साम्राज्य) आणि ग्रीनस्किन्स (ऑर्क, गॉब्लिन वगैरे हिरवे राक्षस) यांच्या लढाईतली. दोन्ही पक्ष पहिल्या भागापासून आहेत आणि एम्पायरची फौज शिकायला सगळ्यात सरळ आहे: भाले, बंदुका, तोफा, घोडे.

आधी एक गोष्ट पक्की करा

या गेममध्ये फौजा मरून हरत नाहीत, पळून हरतात. प्रत्येक युनिटला, म्हणजे तुकडीला, लीडरशिप असते, म्हणजे धीर. माणसं पडली, बगलेतून किंवा पाठीमागून मार बसला, तोफांचे गोळे कोसळू लागले, भीती घालणारा राक्षस अंगावर आला, सेनापती पडला की हा धीर उतरत जातो. एका मर्यादेखाली गेला की युनिट पाठ फिरवतं. शंभर-सव्वाशे जणांचं युनिट कापून संपवायला वेळ लागतो, पण पाठीत एक चांगली धडक बसली तर तेच युनिट थोड्या वेळात पळत सुटतं. त्यामुळे लढाईभर स्वतःला एकच प्रश्न विचारत राहा: आत्ता समोरचं कुठलं युनिट सगळ्यात लवकर फुटेल? सगळ्यात जास्त माणसं कुठे मारता येतील, हा प्रश्न दुय्यम आहे.

शत्रूची यादी वाचा

‘फाइट’ दाबण्याआधी शत्रूच्या प्रत्येक कार्डावर माउस न्या. एका फौजेत सेनापतीसह जास्तीत जास्त 20 युनिट्स असतात, त्यामुळे हे काम फार वेळखाऊ नाही. मनात तीन ढीग करा. पहिला ढीग लवकर फुटणाऱ्यांचा. ग्रीनस्किन्समध्ये गॉब्लिन या ढिगात येतात, ट्रोलही येतात. ट्रोल दिसायला भयंकर असतात, जखमा भरून काढतात, पण त्यांचा धीर कच्चा असतो आणि आगीपुढे त्यांचं काही चालत नाही. दुसरा ढीग टिकणाऱ्यांचा, म्हणजे जाड चिलखतातले ब्लॅक ऑर्क. तिसरा ढीग तुमची फळी एकट्याने मोडू शकतील अशांचा: जायंट, अरॅक्नारोक कोळी, रानडुकरांवरचे स्वार.

पहिल्या ढिगाला घोडदळ, तिसऱ्याला तोफा आणि बंदुका. दुसऱ्याला फक्त थोपवून धरायचं, त्यांना मारत बसायचं नाही. ते सगळ्यात शेवटी, एकटे पडल्यावर.

चिलखताचा हिशेब एकदा समजून घेतला की युनिट निवडताना फसगत होत नाही. प्रत्येक घावाच्या वेळी चिलखताच्या आकड्याच्या 50 ते 100 टक्क्यांमधला कुठला तरी आकडा धरला जातो आणि साध्या इजेतून तेवढे टक्के कापले जातात. म्हणजे चिलखत 100 असेल तर तलवारीच्या साध्या घावातली निम्मी इजा तरी वाया गेलीच. चिलखतभेदी इजेला ही कपात लागूच होत नाही. ब्लॅक ऑर्कसमोर तलवारवाले उभे करून हँडगनर्सना (चिलखतभेदी गोळ्या झाडणारे बंदूकवाले) गॉब्लिनवर गोळ्या झाडायला लावणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

जागा

फौजा मांडण्याच्या टप्प्यात घड्याळ चालत नसतं, तरी लोक सगळ्यात जास्त घाई इथेच करतात. मला विचाराल तर निम्मी लढाई इथे ठरते.

कॅमेरा जमिनीलगत आणा. वरून सपाट वाटणाऱ्या मैदानातही उंचवटे असतात. त्यातला एखादा आपल्या बाजूला मिळाला तर तोफा त्यावर ठेवा आणि पायदळ उताराच्या थोडं खाली. असं करण्याचं कारण बंदुकांमध्ये आहे. हँडगनर्स सरळ रेषेत गोळी झाडतात, मध्ये आपलीच माणसं असली की बंदुका गप्प. धनुष्याचे बाण कमानीने जातात, त्यांना ही अडचण फारशी येत नाही. सपाट मैदानावर हँडगनर्स भालाइतांच्या मागे उभे केलेत तर ते लढाईभर शोभेला उभे राहतील. उतार मिळाला तर मागे, नाही मिळाला तर फळीच्या दोन टोकांना, किंचित आत वळवून. मग शत्रू मध्ये गुंतला की गोळ्या त्याच्या कुशीत शिरतात.

नकाशाची एक कड बगलेला घेता आली तर घ्या, तेवढीच एक बाजू कमी सांभाळावी लागते. जंगल असेल तर त्यात राखीव तुकडी लपवता येते. पण घोडदळ झाडीत लढवू नका, तिथे मोठ्या जनावरांची ताकद कमी पडते.

फळी

भालाईत मध्ये, एका ओळीत, रांगा फार पातळ न करता. प्रत्येक युनिट समोर तोंड करून स्थिर उभं हवं. मोठ्या जनावरांची धडक परतवण्याचा भालाइतांचा गुण फक्त ते जागेवर पाय रोवून उभे असताना आणि धडक समोरून आली तरच चालतो. चालत्या भालाइतांवर डुक्करस्वार आले तर भाल्यांचा काही उपयोग नाही.

फळीतल्या सगळ्यांचा गार्ड मोड चालू करा. तो बंद असेल तर समोरचं युनिट पळताच तुमचे भालाईतही त्यांच्यामागे धावतात आणि फळीला मधोमध भगदाड पडतं. बंदुकधाऱ्यांचा स्कर्मिश मोडही तपासा. तो चालू असेल तर शत्रू जवळ येताच ते न विचारता मागे सरकतात. कधी ते बरंच असतं, पण जे युनिट जागेवर हवं त्याचा हा मोड बंदच ठेवा.

हॅल्बर्डवाली (लांब दांड्याच्या कुऱ्हाडीवाली) एक-दोन युनिट्स फळीत घालू नका, मागे ठेवा. फळी जिथे वाकेल तिथे ती जातील. घोडदळ दोन्ही टोकांना वाटून टाकण्याचा मोह होतो. घोडदळ थोडं असेल तर सगळं एकाच बाजूला ठेवा. एकाच वेळी एकाच पाठीत तीन धडका बसणं आणि दोन ठिकाणी दीड-दीड धडक बसणं यात फार फरक आहे.

पहिले गोळे

तुमच्याकडे लांब पल्ल्याच्या तोफा असल्या की शत्रू सहसा स्वतः चालून येतो. येऊ द्या. प्रत्येक तोफेला लक्ष्य स्वतः नेमून द्या. ते काम संगणकावर सोडलंत तर महागडे गोळे जवळ दिसेल त्या गॉब्लिनवर पडतात. जायंट हे तोफेचं आवडतं गिऱ्हाईक: मोठं, संथ, चुकवायला कठीण. दोन तोफा, दोघींचं लक्ष्य एकच. तो पडला की मग पुढचा.

शत्रूचे गॉब्लिन लांडगेस्वार बहुतेक वेळा आधी धावत येतात आणि तुमच्या घोड्यांना भुलवून दूर नेतात. जाऊ नका. घोडदळ दमलं की चार्जचा, म्हणजे धावत येऊन दिलेल्या धडकेचा, जोरही जातो आणि वेगही. ज्या क्षणासाठी ते राखून ठेवलं आहे त्या क्षणी ते धापा टाकत असेल तर उपयोग काय?

इथून पुढे पी दाबून वारंवार पॉज करा. पॉज करून हुकूम देणं ही लबाडी नाही, वीस तुकड्यांकडे एका माणसाने एकाच वेळी बघणं शक्य नसतं. लढाईचा रिअ‍ॅलिझम मोड लावला असेल तर ही सोय मिळत नाही, तेव्हा शिकत असताना तो लावू नका.

ऐरण आणि हातोडा

फळ्या भिडल्या. आता तुमचे भालाईत ऐरण, घोडदळ हातोडा.

दोन्ही फौजा भिडताक्षणी घोडे सोडायचे नाहीत. शत्रूची सगळी युनिट्स फळीत अडकेपर्यंत थांबा. त्याचं एखादं युनिट मागे मोकळं उभं असेल तर तेच वळून तुमच्या घोड्यांना भिडतं. सगळे गुंतल्यावर घोडदळाला मोठा वळसा घालून शत्रूच्या मागे न्या, तिथे पुन्हा एका रेषेत उभं करा आणि मग सरळ धावण्याइतकं अंतर ठेवून चार्ज द्या. वळणावरून तिरकी बसलेली धडक अर्धीमुर्धी ठरते.

पाठीमागून इतका फरक का पडतो? समोरासमोरच्या घावात लागण्याची शक्यता अशी निघते: मूळ 35 टक्के, त्यात मारणाऱ्याचा मेली अटॅक (हातघाईतल्या हल्ल्याचा आकडा) मिळवायचा आणि झेलणाऱ्याचा मेली डिफेन्स (हातघाईतल्या बचावाचा आकडा) वजा करायचा. हा आकडा 8 च्या खाली आणि 90 च्या वर जात नाही. बगलेतून घाव आला की झेलणाऱ्याचा डिफेन्स पूर्ण धरला जात नाही, पाठीमागून आला की त्याहून कमी. त्यात भर चार्ज बोनसची, आणि धीरावर बसणारा तडाखा वेगळाच.

पहिलं लक्ष्य गॉब्लिन. ते सगळ्यात लवकर पळतात आणि पळाले की त्यांच्यासमोरचे तुमचे भालाईत मोकळे होतात. मोकळे झालेले भालाईत शेजारच्या ऑर्क बॉइजच्या (साध्या ऑर्क पायदळाच्या) बगलेत घाला. इथून फळी एका टोकाकडून उसवत जाते.

चार्जचा बोनस काही सेकंदांत उतरत जातो. म्हणून भालेवाले नाइट्स धडक देऊन लगेच बाहेर काढा, थोडं दूर न्या, वळवा, पुन्हा धडक. गर्दीत रुतून बसले तर महागडे स्वार स्वस्त गॉब्लिनांच्या हातून मरतात. पायदळाला मात्र भिडल्यावर कधी मागे ओढू नका, पाठ दाखवताना फुकट मार बसतो.

फळी कुठे वाकते आहे याकडे एक डोळा असू द्या. एखाद्या भालाईत युनिटची लीडरशिप डगमगू लागली तर राखीव हॅल्बर्डवाले तिथे पाठवा, किंवा सेनापतीला त्यांच्या जवळ उभा करा. सेनापतीच्या आसपास असलेल्यांचा धीर वाढतो. पण त्याला हरत्या द्वंद्वात अडकवू नका. तो पडला तर सगळ्या फौजेचा धीर खचतो, आणि शत्रूच्या सेनापतीलाही हाच नियम लागू आहे हे बंदूकवाल्यांना लक्ष्य देताना विसरू नका.

जादू कधी

जादूगाराकडे विंड्स ऑफ मॅजिकचा, म्हणजे जादूच्या ऊर्जेचा, साठा मोजका असतो, पहिल्या मिनिटात उधळू नका. धूमकेतूसारखा उशिरा कोसळणारा स्पेल (मंत्र) चालत्या शत्रूवर टाकला तर रिकाम्या जमिनीवर पडतो, तो भिडून स्थिर झालेल्या गर्दीच्या मागच्या रांगांवर हवा. आपलीच माणसं भाजणार नाहीत एवढं अंतर ठेवा. सरळ रेषेत सरकणारे स्पेल शत्रूच्या फळीला आडवे मारू नका, फळीच्या लांबीने मारा. आडवा मारला तर एखाद-दुसरं युनिट, लांबीने मारला तर चार-पाच. प्रकाशविद्येतलं नेट ऑफ अमिंटोक शत्रूला जागेवर खिळवतं. ते एखाद्या राक्षसावर टाका आणि त्याच वेळी सगळ्या बंदुका त्याच्याकडे वळवा.

दाणादाण झाल्यावर

शत्रूच्या फौजेचा मोठा हिस्सा संपला की उरलेल्या सगळ्यांच्या धीरावर घसारा लागतो आणि ब्लॅक ऑर्कसुद्धा ढासळतात. पांढरी निशाणं एकामागून एक उठू लागतात, काही मिनिटांपूर्वी तुमच्यावर धावून येणाऱ्यांना पळता भुई थोडी होते. मला तरी या गेममध्ये याहून जास्त आनंद देणारं दुसरं काही सापडलेलं नाही. कॅमेरा खाली आणून खुशाल बघा, पण पॉज करून.

कारण पळणारे परत येतात. पूर्ण विस्कटलेलं युनिट येत नाही, पण नुसतं पळालेलं युनिट थोड्या अंतरावर धीर गोळा करून पुन्हा वळू शकतं. घोडदळाला त्यांच्यामागे सोडा, आधी जे परत फिरू शकतात त्यांच्यामागे. विजयाची पाटी आल्यावर गेम लढाई संपवायची की चालू ठेवायची असं विचारतो, तेव्हा चालू ठेवा आणि जमेल तेवढे कापून काढा. आज निसटलेले ऑर्क काही टर्ननंतर भरून निघून त्याच सीमेवर उभे असतात.

जिथे हे सगळं चालत नाही

व्हॅम्पायर काउंट्स या मेलेल्यांना उठवून लढवणाऱ्या पक्षाचे सांगाडे आणि झोंबी पळत नाहीत. धीर संपला की ते जागच्या जागी झडू लागतात. पाठीतली धडक तिथेही कामाची आहे, पण त्यांचा कणा त्यांचा सेनापती असतो. तो पडला की झडण्याचा वेग वाढतो, म्हणून तोफा आणि हँडगनर्स थेट त्याच्यावर लावा. या फौजेकडे बाण-बंदुका जवळजवळ नसतात, त्यामुळे दूरून मारा करायला भरपूर वेळ मिळतो. फक्त वटवाघळं तोफांवर उतरतात, तिथे एक भालाईत युनिट पहाऱ्याला ठेवा.

बटू (ड्वॉर्फ) उलट. घोडदळ नाही, चाल संथ, पण चिलखत जाड आणि धीर दांडगा. त्यांच्यावर समोरून चालून जाऊ नका. आधी त्यांच्या तोफा घोड्यांनी गाठा, मग चिलखतभेदी मारा. स्केव्हन उंदीर त्याहून उलट, हजारोंनी येतात आणि लवकर फुटतात. त्यांच्यावर हातोडा लवकर चालवा, पण बंदुकधारी वेपन टीम्स आधी शोधा, नाहीतर तुमचं घोडदळ पाठीपर्यंत पोचणारच नाही.

सरावासाठी कॅम्पेन, म्हणजे मुख्य मोहीम, पणाला लावू नका. कस्टम बॅटलमध्ये (फौजा स्वतः निवडून खेळायच्या सुट्या लढाईत) सहा भालाईत, चार हँडगनर्स, दोन तोफा आणि तीन नाइट्स घ्या, समोर वीस ग्रीनस्किन्स ठेवा, आणि वळसा घालून पाठीत धडक देण्याचं टायमिंग हातात बसेपर्यंत तीच लढाई खेळत राहा.