स्वस्त आणि भरवशाचं होस्टिंग घेताना या चुका टाळा (आणि केल्याच असतील तर काय करायचं)

रात्री साडेअकराला मामेभावाचा फोन, "ताई साईट उघडत नाहीये गं, आत्ताच ग्रुपवर लिंक टाकली आणि सगळे विचारतायत." उघडून बघितलं तर पांढऱ्या पानावर एकच ओळ, ५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड. म्हटलं होस्टिंगचा, म्हणजे साईट ठेवायला सर्व्हरवर भाड्याने घेतलेल्या जागेचा, प्लॅन कुठला घेतलायस रे? तर म्हणे अनलिमिटेड. मला हसू आलं, त्याला नाही आलं.

तर आधी या अनलिमिटेडचंच बघू, कारण स्वस्त होस्टिंगची बरीचशी रडगाणी इथूनच सुरू होतात. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एकाच सर्व्हरवर शेकडो लोकांच्या साईट्स, त्यामुळे प्रत्येकावर मर्यादा घालावीच लागते, त्यात गैर काही नाही. पण अनलिमिटेड लिहिलेलं असतं ते जागेला आणि बँडविड्थला (साईटवरून किती डेटा जातो-येतो त्याला), आणि घोडं अडतं ते सीपीयू, रॅम, आयनोड आणि एंट्री प्रोसेसवर, जे जाहिरातीत नसतं, अटींच्या पानात कुठेतरी खाली असतं. एंट्री प्रोसेस म्हणजे एका क्षणी तुमच्या साईटवर किती पीएचपी रिक्वेस्ट (पीएचपी म्हणजे सर्व्हरवर पान बनवणारी भाषा) चालू असू शकतात तो आकडा. समजा तो २० आहे. एक पान बनायला २ सेकंद लागत असतील तर सेकंदाला १० पानं निघणार, तेच पान ०.२ सेकंदात बनलं तर १००. म्हणजे कित्येकदा लोक जास्त आले हा प्रॉब्लेम नसतोच, पान रेंगाळतंय हा असतो.

भावाकडे तेच झालेलं. होमपेजवर तीन स्लायडर, कॅशिंग (एकदा बनलेलं पान साठवून तेच पुन्हा देणं) शून्य, आणि लॉग (साईटवर कोण आलं-गेलं त्याची नोंद) बघितला तर कुठलातरी बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, तासनतास लॉगिनच्या पानावर पासवर्ड मारत बसलेला, त्याची प्रत्येक टकटक पण या २० मध्येच मोजली जात होती. पेज कॅशचं प्लगइन (साईटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकलं, बॉट अडवला, दोन स्लायडर काढले (तिसऱ्यावर त्याचा जीव होता, राहू दिला) आणि साईट उभी राहिली. प्लॅन बदलावा लागला नाही. सपोर्टवाला मात्र चॅटवर पहिल्याच मिनिटाला अपग्रेडची लिंक देऊन मोकळा झाला होता. म्हणून ५०८ दिसला की आधी होस्टिंगच्या अकाउंटच्या पॅनलमध्ये रिसोर्स युसेजचा ग्राफ बघा, कुठली रेघ छताला टेकलीये ते कळतं, पैसे भरायचं त्यानंतर.

आयनोड हा दुसरा छुपा रुस्तम. एक फाईल म्हणजे एक आयनोड, आणि इथे प्रत्येक ईमेल पण सहसा एक फाईल असते. त्यामुळे जागा अर्धी रिकामी दिसत असतानाही "आता नवीन काही अपलोड होणार नाही" असा मेसेज येतो आणि माणूस चक्रावतो. जुना स्पॅम फोल्डर, कॅश फोल्डर, आणि पूर्वी कधीतरी करून बघितलेली टेस्ट साईट, या तीन ठिकाणी झाडू मारला की बहुतेक वेळा काम होतं. आणि एरर लॉग नावाची, साईटवरच्या चुका नोंदवणारी फाईल बघा हो. एक बिघडलेलं प्लगइन रोज हजारो ओळी तिच्यात ओकत असतं, फाईल फुगत फुगत सगळी जागा खाते, मग डेटाबेसला (जिथे साईटचे लेख वगैरे साठवलेले असतात) लिहिता येत नाही, मेल परत जायला लागतात, आणि आपण शोधत बसतो की मेलला काय झालं.

आता पैशांचं. पहिल्या वर्षाची किंमत म्हणजे गळाला लावलेलं आमिष, खरी किंमत रिन्युअलची. ती दुप्पट असते, तिप्पट असते, कधी त्याहून जास्त, आणि पानावर असते पण बारीक अक्षरात, एका छोट्या स्टारच्या मागे. शिवाय मोठ्या अक्षरातला जो दरमहा आकडा असतो तो तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरलेत तरच मिळतो. मी स्वतः एकदा तीन वर्षांचं एकदम भरून बसलेय, सहाव्या महिन्यात सर्व्हर रडायला लागला आणि अडीच वर्षं मी पैसे वसूल व्हावेत म्हणून त्यांच्याकडेच अडकून राहिले, म्हणजे आधीच भरलेले पैसे वाचवायला उरलेला वेळ घालवला. मनी बॅक गॅरंटी होती, पण ती ३० दिवसांची, आणि सर्व्हर एवढा हुशार की ३० दिवस उत्तम चालला. त्यात "फुकट" मिळालेल्या डोमेनचे (म्हणजे साईटच्या नावाचे, ते डॉट कॉमवालं) पैसे परताव्यातून कापले जातात ते वेगळंच.

तेव्हापासून मी होस्टिंग घेताना आधी निघायचं कसं ते बघते. पहिल्यांदा एक वर्षाचंच घ्या, पुढच्या पाच वर्षांची बेरीज रिन्युअलच्या दराने करा आणि मगच दोन कंपन्यांची तुलना करा. ऑर्डर करताना आधीच टिक केलेल्या खुणा काढा. साध्या साईटला विकत एसएसएल (साईटला एचटीटीपीएसचं कुलूप लावणारं सर्टिफिकेट) लागत नाही, लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी सेवा २०१५ च्या डिसेंबरपासून सगळ्यांसाठी खुली आहे आणि तेच सर्टिफिकेट बहुतेक होस्ट आपोआप लावून देतात. ते जास्तीत जास्त ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होत राहतं, पण डोमेनचा पत्ता दुसऱ्याच सर्व्हरकडे गेलेला असेल तर नवं होत नाही, आणि एका सकाळी साईटवर "नॉट सिक्युअर" झळकतं. तसं झालं तर एसएसएल विकत घेऊ नका, डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदी) बघा.

रिव्ह्यू वाचून ठरवणाऱ्यांसाठी एवढंच, "टॉप १० होस्टिंग" छाप लेखांत बऱ्याचदा प्रत्येक लिंकमागे कमिशन असतं, आणि ज्याचं कमिशन जास्त तो पहिल्या नंबरवर, हे गृहीत धरूनच वाचा. आणि नावं वेगळी म्हणजे मालक वेगळे असंही नाही, ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर हे दोन्ही ब्रँड न्यूफोल्ड डिजिटल या २०२१ मध्ये तयार झालेल्या एकाच कंपनीकडचे. यात वाईट काही नाही, पण एकाला कंटाळून दुसऱ्याकडे जाताना माहीत असलेलं बरं. रिव्ह्यूपेक्षा मी एक करते, पैसे भरायच्या आधी रात्री-अपरात्री सपोर्टला एक टेक्निकल प्रश्न टाकते, उदाहरणार्थ "या प्लॅनला आयनोड आणि एंट्री प्रोसेसची मर्यादा किती?" सरळ आकडा आला तर ठीक. "आमचा प्लॅन तुमच्यासाठी बेस्ट आहे" असं उत्तर आलं तर समजून घ्या.

डोमेन कोणाच्या नावावर आहे?

हे हेडिंग मुद्दाम दिलंय, कारण होस्टिंग बिघडलं तर दुसरं मिळतं, डोमेन गेलं तर गेलं. नेहमीची गोष्ट अशी की साईट बनवून देणाऱ्याने स्वतःच्या अकाउंटमधून, स्वतःचा ईमेल टाकून डोमेन घेतलेलं असतं, वाईट हेतूने नाही, घाईत. चार वर्षांनी तो फोन उचलत नाही आणि रिन्युअलचे मेल त्याच्या अशा इनबॉक्समध्ये जात असतात जो तो उघडतच नाही. आजच जाऊन बघा, डोमेनच्या रजिस्ट्रार (जिच्याकडून डोमेन घेतलं ती कंपनी) अकाउंटचं लॉगिन तुमच्याकडे आहे का, त्यात ईमेल तुमचा आहे का, आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा तर नाही ना (डोमेन बंद पडलं की तो मेलही बंद, म्हणजे किल्ली कुलपाच्या आत). डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली तर काही दिवस नेहमीच्या दरात परत मिळतं, त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ लागतो ज्यात सोडवायची फी चांगलीच झोंबते, आणि तोही गेला की नाव बाजारात.

डोमेन आणि होस्टिंग एकाच ठिकाणी घेऊ नये असं मी म्हणते, सोय कमी होते मान्य, पण भांडण झालं तर एका हाताने दोन्ही गळे धरता येत नाहीत. नवीन घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेन ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, हा नियम आहे, होस्टवाला अडवतोय असं नाही. साईट हलवायला डोमेन हलवावं लागतच नाही, नेमसर्व्हर (डोमेनच्या सगळ्या डीएनएस नोंदी जिथे असतात तो सर्व्हर) किंवा ए रेकॉर्ड (साईटच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद) बदललं की झालं, हे कित्येकांना माहीतच नसतं.

बॅकअप. "डेली बॅकअप मिळतो" एवढं वाचून निर्धास्त होऊ नका, कुठे ठेवतात ते विचारा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटासेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्यांचा बॅकअप पण तिथेच होता त्यांचा डेटा गेला तो गेलाच. आग लांबची गोष्ट वाटत असेल तर साधं सांगते, बिल थकलं म्हणून अकाउंट सस्पेंड झालं की पॅनल बंद आणि पॅनलमधला बॅकअपही बंद. महिन्यातून एकदा फाईल्स आणि डेटाबेस, दोन्ही, आपल्या मशीनवर उतरवून ठेवा. नुसत्या फाईल्स घेऊन डेटाबेस विसरलेले लोक मी बघितलेत, त्यांच्याकडे थीम असते, फोटो असतात, आणि एकही लेख नसतो. आणि एकदा तरी तो बॅकअप कुठेतरी रिस्टोअर करून बघा.

अपटाइमच्या (साईट किती वेळ चालू राहील त्या वचनाच्या) ९९.९ टक्क्यांबद्दल फार बोलत नाही, हिशोब करा, वर्षाला जवळजवळ पावणेनऊ तास, महिन्याला ४३ मिनिटं बंद राहिली तरी कंपनी शब्दाला जागली. त्याहून जास्त बंद राहिली तर भरपाई सहसा होस्टिंगच्या बिलातून वजा होते, तुमच्या बुडालेल्या धंद्याची नाही, आणि तीही मागितली तर. बाहेरून दर पाच मिनिटांनी साईट तपासणारी फुकट सेवा लावून ठेवा, भांडताना हातात वेळा असतात.

पण साईट बंद आहे म्हणून भांडायला जाण्याआधी फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर उघडून बघा! तिकडे उघडली तर सर्व्हर ठीक आहे, बहुतेक वेळा फायरवॉलने (सर्व्हरच्या पहारेकऱ्याने) फक्त तुमच्या घरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, अडवलेला असतो. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे मेलचा पासवर्ड बदललेला असतो आणि घरातल्या जुन्या टॅबलेटमध्ये जुनाच असतो, तो बिचारा दर थोड्या वेळाने चुकीच्या पासवर्डने लॉगिन करत राहतो आणि सर्व्हरला वाटतं हल्ला झाला. सपोर्टकडून आयपी मोकळा करून घ्या आणि तो टॅबलेट शोधा, नाहीतर तासाभरात परत ब्लॉक. दुसरा एक नेहमीचा घोटाळा, "टू मेनी रिडायरेक्ट्स". क्लाउडफ्लेअर (वाचक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मधे बसणारी सेवा) लावलंय आणि त्यात एसएसएल "फ्लेक्सिबल" वर आहे, सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसवर ये, क्लाउडफ्लेअर परत साध्या एचटीटीपीवर जातं, दोघांची फुगडी चालू. सेटिंग "फुल स्ट्रिक्ट" करा, अर्थात सर्व्हरवर खरं सर्टिफिकेट असायला हवं.

कॉन्टॅक्ट फॉर्मचे मेल येत नाहीत हे पण होस्टच्या माथी मारलं जातं. फॉर्ममध्ये "फ्रॉम" ला भेट देणाऱ्याचा पत्ता टाकलेला असतो, म्हणजे तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवतोय, मग तो स्पॅममध्ये जाणार नाहीतर कुठे. फ्रॉममध्ये आपल्या डोमेनचा पत्ता ठेवा, त्यांचा रिप्लाय टू मध्ये, आणि एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदी) लावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबत जास्तच कडक झालंय.

सर्व्हर कुठल्या देशात आहे हे वाचकांच्या जागेवरून ठरवा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, सर्व्हर १२,००० किलोमीटर लांब असेल तर नुसतं जाऊन यायला १२० मिलिसेकंद, आणि पहिलं अक्षर यायच्या आधी अशा तीनेक फेऱ्या होतात. सीडीएनने (वाचकांच्या जवळ कॉप्या ठेवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याने) फोटो जवळ येतात, पीएचपीचं पान त्या लांबच्या सर्व्हरवरूनच येतं.

व्हीपीएसचा (एका सर्व्हरचा फक्त तुमच्यासाठी वेगळा काढलेला भाग) मोह. शेअर्डच्याच किमतीत अख्खा सर्व्हर मिळतोय म्हणून लोक अनमॅनेज्ड व्हीपीएस घेतात, आणि मग अपडेट, फायरवॉल, बॅकअप, मेल सगळं आपल्याच गळ्यात. लिनक्सची आवड असेल तर जरूर घ्या, नसेल तर आगीतून फुफाट्यात. उलट तुमची साईट नुसती माहिती देणारी पाच पानं असतील, लॉगिन नाही, डेटाबेस नाही, तर विकत काही घेऊच नका, गिटहब पेजेससारख्या ठिकाणी स्टॅटिक साईट (आधीच तयार पानांची) फुकट चालते (१ जीबीपर्यंत), फक्त पीएचपी चालत नाही आणि दुकान थाटण्यासाठी ती जागा नाही.

भावाचं पुढे काय झालं? रिन्युअलचा मेल आला, आकडा बघून पुन्हा रात्री फोन. हलवलं शेवटी. दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा) ८६४०० वरून ३०० वर आणला, म्हणजे रेकॉर्डमधला बदल दिवसभराऐवजी पाच मिनिटांत दिसतो (नेमसर्व्हरच्या बदलाला मात्र तरी वेळ लागतोच). नवीन सर्व्हरवर साईट चढवून, आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाईलमध्ये नवा आयपी टाकून, जगाला जुनी दिसत असताना आम्ही नवी तपासून घेतली. त्यात कळलं की नव्या ठिकाणी पीएचपीची आवृत्ती वर आहे आणि त्याचं गॅलरी प्लगइन ७.४ च्या जमान्यातलं (त्या आवृत्तीचा सपोर्ट २८ नोव्हेंबर २०२२ लाच संपला), ते बदललं. तो नेमसर्व्हर बदलायला निघाला होता, मी थांबवलं, कारण तसं केलं की एमएक्स रेकॉर्डसकट (मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या नोंदीसकट) सगळंच नव्या ठिकाणचं लागू होतं आणि तिथे मेलबॉक्स अजून बनवलेच नव्हते. मेलबॉक्स बनवले, जुने मेल उतरवले, मग बदललं.

जुनं अकाउंट तो त्याच रात्री बंद करणार होता, म्हटलं दहा दिवस राहू दे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुन्या मेलबॉक्समध्ये एक ऑर्डर येऊन पडलेली सापडली.