बीजीएमआयची मॅच न खेळणाऱ्यालाही कळावी म्हणून

गणपतीत आमच्या मंडळाने बीजीएमआयची, म्हणजे मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाची, स्पर्धा ठेवली होती. यात शेवटपर्यंत टिकणारा संघ मॅच जिंकतो. पडद्यावर धडाधड गोळ्या सुटत होत्या आणि मागच्या रांगेतून एका काकांनी विचारलं, "यात आपली पोरं कुठली?"

प्रश्न रास्त होता. कबड्डीत सगळ्यांचे डोळे चढाई करणाऱ्यावर असतात. इथे १६ संघांचे ६४ खेळाडू एरँगल या ८ किलोमीटर लांब-रुंद नकाशाभर पांगलेले, आणि पडदा एकच. पुढच्या वेळी आम्ही काय करणार ते क्रमाने सांगतो.

आधी नावं. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे संघाची दोन-तीन अक्षरं लागलीच पाहिजेत. नाव बदलायला रीनेम कार्ड लागतं, म्हणून हे नोंदणीच्या वेळीच बजावा. रूममधला, म्हणजे स्पर्धेसाठी उघडलेल्या खासगी मॅचमधला, संघाचा स्लॉट (जागेचा नंबर) दिवसभर बदलू नका. ५ नंबर म्हणजे प्रत्येक मॅचला तोच संघ.

मग रूममध्ये दोन ऑब्झर्व्हर, म्हणजे न खेळता नुसतं बघणारे, घ्या. एकाकडे कायम नकाशा, दुसऱ्याकडे खेळाडूंमागचा कॅमेरा. पडद्यावर कोणतं चित्र जाणार हे तिसऱ्यानेच ठरवायचं.

खरी गोची झोनच्या वेळी होते, म्हणजे सुरक्षित वर्तुळ लहान होत जातं आणि सगळ्यांना त्याच्या आत यावं लागतं तेव्हा. बंदूक वाजली की ऑब्झर्व्हर तिकडे धावतो. पोचेपर्यंत फाइट आटोपलेली असते आणि लोकांना दिसतो फक्त मेलेल्याचा क्रेट, म्हणजे त्याच्या सामानाची पेटी. त्यापेक्षा नवं पांढरं वर्तुळ आलं की दहा सेकंद पूर्ण नकाशा दाखवा. कोण आत, कोण बाहेर, कोणाला पाणी ओलांडावं लागणार? एरँगलच्या दक्षिणेला मिलिटरी बेसचं बेट आहे. वर्तुळ उत्तरेला सरकलं की तिथल्या संघाला बोट तरी शोधावी लागते, नाहीतर पूल. पुलाच्या टोकाला कोणी दबा धरून बसलं असेल तर आधी तो दाखवा, मग पुलावर चढणारी गाडी. काकाच ओरडतील, "अरे, थांबव गाडी!"

नॉक म्हणजे बाद नव्हे, पडलेल्याला साथीदार उठवू शकतो, हे समालोचकाने प्रत्येक मॅचला एकदा सांगावं. जाणकार कंटाळतील. कंटाळू द्या.

पडद्याच्या कडेला संघांची यादी आणि प्रत्येकापुढे चार चौकोन. एक गडी गेला की एक चौकोन विझला. गुणांची नेहमीची पद्धत म्हणजे पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५, शिवाय दर किलला १. म्हणजे २ किल करून चिकन डिनर घेणाऱ्याचे, म्हणजे पहिला येणाऱ्याचे, होतात १२, आणि ९ किल करून दुसरा आलेला १५ घेऊन जातो. हे गणित शेवटचे चार संघ उरलेले असतानाच मांडा, मॅच संपल्यावर त्यात मजा नाही. सुरुवातीला नुसती लूट, म्हणजे बंदुका-सामान गोळा करणं, चालते, तेव्हा संघांची ओळख करून द्या.

ऑनलाइन दाखवणार असाल तर काही मिनिटं उशिराने दाखवा, नाहीतर घरी बसलेला मित्र फोनवरून शत्रूची जागा सांगतो. आणि खेळाडूंना वेगळी खोली द्याच. आम्ही त्यांना पडद्याकडे पाठ करून हॉलमध्येच बसवलं होतं. समालोचक माइकवर म्हणाला, "बघा, झाडामागे कोण बसलंय!" आणि समोरच्या पोराने मुकाट्याने बंदूक झाडाकडे वळवली. ती मॅच पुन्हा खेळवावी लागली.