दाट, कुरळ्या, राठ केसांवर स्ट्रेटनर फिरवताना या चुका टाळा

कपड्याला इस्त्री करताना पाणी शिंपडतात, म्हणजे चुणी चटकन मोडते. केसांवर स्ट्रेटनर फिरवतानाही कित्येक वर्षं माझ्या डोक्यात हेच गणित पक्कं बसलेलं होतं. केस जरा दमट ठेवायचे, तापमानाचा आकडा थेट 230 अंश सेल्सिअसवर न्यायचा आणि चर्र आवाज आला की मनात म्हणायचं, चला, लागू पडतंय. प्रत्यक्षात तो आवाज केसातलं पाणी उकळून वाफ होण्याचा होता. उजव्या कानामागची एक बट दोन आठवड्यांत मधूनच तुटून बोटभर उरली, तेव्हा कुठे मी हे यंत्र नीट वापरायला शिकले.

दाट, कुरळे, राठ, सतत पिंजारलेले किंवा रंग आणि ब्लीच करून दमलेले, या सगळ्या केसांबद्दलची तक्रार एकच असते: ‘सरळ होतच नाहीत.’ आणि पहिला उपायही सगळ्यांचा एकच: उष्णता वाढवायची. माझा अनुभव उलटा आहे. उष्णता बहुतेक वेळा पुरेशी असते. बट जाड घेतलेली असते, केस आतून ओले असतात, नाहीतर प्लेट नीट टेकत नसते. तेव्हा आकड्याला हात लावण्याआधी या तीन गोष्टी बघा.

वरून कोरडे, आतून ओले

ही चूक सगळ्यात महागात पडते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याचा आकार बऱ्याच अंशी हायड्रोजन बंधांवर टिकून असतो. हे बंध पाण्यानं सुटतात, उष्णतेनंही सुटतात, आणि केस वाळला किंवा थंड झाला की पुन्हा जुळतात. जुळताना केस ज्या आकारात असेल तो आकार काही काळ धरून राहतो. स्ट्रेटनरचं सगळं काम इतकंच. म्हणून तर दमट हवेत तासाभरात केस पुन्हा मूळ वळणावर जातात. त्यात स्ट्रेटनरचा दोष नसतो.

पण ओल्या केसावर दोनशे अंशांच्या प्लेट दाबल्या की आतल्या पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते केसाच्या आतच उकळतं आणि वाफेनं पोकळ फुगे तयार होतात. याला ‘बबल हेअर’ असं नावच आहे. फुगा आलेल्या जागी केस ठिसूळ होतो आणि फणी अडकली की तिथेच तुटतो. शिवाय कोरड्या केसातल्या केराटिनची घडी कायमची मोडायला साधारण 230 अंश सेल्सिअस लागतात, पण ओल्या केसात तेच नुकसान 150 च्या आसपास होतं. म्हणजे ओले केस ‘कमी आकड्यावर’ करतेय म्हणून सुटका नाही.

दाट केस कोरडे झालेत की नाही, हे वरून कळत नाही. मानेजवळचे आणि कानामागचे केस वर उचला आणि मुळांशी हाताची पालथी बाजू लावा. गार लागले तर अजून ओले आहेत. (गाठीसारखी फुगलेली जागा डोळ्यांना दिसेल अशी आशा धरू नका, हाताला लागणारा गारवाच खरी खूण.) ओल्या केसांसाठी म्हणून छिद्रं असलेल्या प्लेटचे स्ट्रेटनरही मिळतात. माझा त्यांच्यावर विश्वास नाही. ड्रायरनं केस पूर्ण वाळवून मग स्ट्रेटनर घ्यावा. वाळवतानाच ब्रशनं केस ताणून घेतले तर अर्धं काम तिथेच होतं आणि स्ट्रेटनरला फारसं काही उरत नाही.

दाट म्हणजे जाड नव्हे

डोक्यावर केस किती आहेत हे वेगळं आणि एकेक केस किती जाड आहे हे वेगळं. पार्लरमध्येसुद्धा या दोन्हींची सर्रास गल्लत होते. ‘तुमचे केस फार दाट आहेत’ म्हणत आकडा चढवला जातो, आणि तो एकेक केस मात्र रेशमासारखा बारीक असतो. अशा डोक्याला वेळ जास्त लागतो, उष्णता नाही.

गळून पडलेला एक केस अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून फिरवून बघा. जवळजवळ जाणवलाच नाही तर तो बारीक. शिवणाच्या दोऱ्यासारखा स्पष्ट जाणवला तर जाड. बारीक, ब्लीच केलेल्या किंवा आधीच अशक्त केसांना 130 ते 150 अंश सेल्सिअस पुरतात. मध्यम केसांना 160 ते 180. खरोखर जाड, राठ, घट्ट कुरळ्या केसांना 185 ते 200. त्यापुढे जायची वेळ माझ्या पाहण्यात तरी कधी खऱ्या अर्थानं आलेली नाही. नवीन स्ट्रेटनर असेल तर आपल्या गटातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करा, आतल्या बाजूच्या एका बटेवर बघा आणि लागलं तर दहा-दहानं वाढवा.

पांढऱ्या केसांची गोष्ट वेगळी. ते हाताला तारेसारखे लागतात म्हणून उष्णता वाढवावीशी वाटते, पण जास्त तापवले की पिवळट पडतात, आणि रंगद्रव्यच नसल्यामुळे तो पिवळेपणा लगेच दिसतो. रंगवलेल्या केसांचा रंगही जास्त उष्णतेनं लवकर उतरतो.

आणि हो, पडद्यावरचा आकडा सेल्सिअस आहे की फॅरनहाइट, ते आधी बघा. 365 फॅरनहाइट म्हणजे 185 सेल्सिअस, आणि 450 म्हणजे 232. माझी एक मैत्रीण सेल्सिअसचा सल्ला वाचून फॅरनहाइटच्या यंत्रावर 180 लावून बसली होती. यंत्र मुळात सुरूच त्याच आकड्यापासून व्हायचं. अर्धा तास ती केसांवर कोमट प्लेट फिरवत होती आणि यंत्राला शिव्या घालत होती.

मूठभर बट

दाट केसांचं काम लांबलचक असतं, त्यामुळे हात आपोआप मोठी बट उचलतो. आता त्या जाड बटेत काय होतं ते बघा. प्लेटला टेकतात ते फक्त वरचे आणि खालचे केस. मधले केस कोंडलेल्या हवेत बसून असतात, त्यांच्यापर्यंत उष्णता पोहोचत नाही. बट बाहेर आली की मधले केस वाकडेच. मग तीच बट पुन्हा, आणि परत एकदा. तिसऱ्या फेरीत मधले कसेबसे सरळ होतात, पण बाहेरच्यांनी तोवर तीन वेळा मार खाल्लेला असतो. हे पाहिलं की आकडा वाढवून काय होणार ते सांगायला नको.

माप सोपं आहे. बट प्लेटच्या रुंदीपेक्षा थोडी अरुंद हवी, आणि दोन बोटांत सपाट धरली की तिच्यातून पलीकडचं पुसट दिसायला हवं. केसांचे चार भाग करून चाप लावा, मानेजवळच्या खालच्या थरापासून सुरुवात करा आणि आडवे पातळ थर सोडत वर या. कंटाळवाणं आहे, पण एका फेरीत काम होतं म्हणून एकूण वेळ कमीच लागतो.

दुसरी युक्ती बारीक दातांच्या कंगव्याची. मुळांजवळ कंगवा बटेत घाला, त्याच्या लगेच मागे स्ट्रेटनर मिटा आणि दोन्ही एकत्र टोकाकडे आणा. कंगवा पुढे, प्लेट मागे. कंगव्यामुळे केस सुटे, समांतर आणि ताणलेले राहतात, त्यामुळे प्रत्येक केस प्लेटला टेकतो. कुरळ्या केसांना खरी गरज या ताणाची असते. ताण मिळत नाही म्हणून लोक मूठ आवळून प्लेट दाबतात, आणि मग बटेवर आडवी घडी पडते. कंगवा मात्र उष्णता सहन करणारा हवा; साधा प्लॅस्टिकचा वाकतो.

गती एकसारखी ठेवा, मध्ये थांबू नका. एक फेरी झाली की बट पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच ती पुरेशी सरळ झाली का ते ठरवा. गरम बटेत बोटं फिरवली किंवा ती कानामागे खोचली की जुळत आलेले बंध त्या नव्या वळणात जुळतात.

केसांवर काय लावलंय?

आधी तेल लावून स्ट्रेटनर फिरवणं बंद करा. ‘तेलामुळे केस जळत नाहीत’ हा समज फार पसरलेला आहे. प्लेटखाली तेल तापतं, धुरकट होतं, प्लेटवर चिकटून काळा थर जमतो, आणि केस चिपचिपीत दिसतात ते वेगळंच. हेअरस्प्रेचंही तेच. तो सगळ्यात शेवटी.

हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केसांचा बचाव करणारा स्प्रे किंवा क्रीम, जरूर लावा, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. त्यातली सिलिकोन केसावर पातळ थर धरतात, उष्णता जरा हळू आणि जरा सारखी आत जाते, प्लेट सरकायला सोपी होते. एवढंच. ते लावलं म्हणून 230 ची मुभा मिळत नाही. स्प्रे असेल तर तो पूर्ण वाळू द्या, नाहीतर आपण पुन्हा ओल्या केसांवरच येऊन पोहोचलो.

घरच्या घरी केस ‘स्मूद’ करणारी क्रीम लावून वरून स्ट्रेटनर फिरवायचा बेत असेल तर बाटलीमागची घटकांची यादी वाचा. अशा काही उत्पादनांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, आणि तो माणसात कर्करोग घडवणारा म्हणून नोंदलेला आहे. डोळे आणि घसा चुरचुरायला लागले तर यंत्र बंद करा आणि खोलीबाहेर या.

विकत घेताना

जाहिरातीत आयन, नॅनो, इन्फ्रारेड असे बरेच शब्द असतात. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करते आणि चारच गोष्टी बघते. तापमान आकड्यात ठरवता येतं का? नुसतं ‘लो-मीडियम-हाय’ असेल तर नको. प्लेट मिटून उजेडासमोर धरल्यावर फट दिसते का? टोकापासून टोकापर्यंत सारखी टेकायला हवी; स्प्रिंगवर किंचित हलणाऱ्या प्लेट दाट केसांवर चांगल्या टेकतात. कडा गोल आहेत का? धारदार कडेनं घडी पडते. आणि बंद यंत्रात आपलीच एक बट धरून ओढून बघायची. केस अटकत असतील तर पुढे काही बघायचं कारण नाही.

सिरॅमिक प्लेट सारख्या तापतात आणि नवख्या हाताला त्याच बऱ्या. फक्त वरून मुलामा दिलेला असेल तर तो कालांतराने उडतो. टायटॅनियम झपाट्यानं तापतं आणि केसाला उष्णताही झपाट्यानं देतं. जाड राठ केसांवर सरावलेल्या हातात उत्तम, बारीक केसांवर धोक्याचं. रुंदी मात्र लोक उलटी निवडतात. दाट केस म्हणून दोन इंची प्लेट घेतात आणि ती मुळांपर्यंत पोहोचतच नाही. लांब केसांना दीड इंच ठीक, नाहीतर एक इंच सगळ्यांना पुरतो. कपाळावरच्या आखूड केसांना अर्धा इंच.

बिघडलं कुठे, हे ओळखायचं कसं

लांबी सरळ झाली पण मुळांशी फुगवटा राहिला, तर बट खाली लोंबती ठेवून प्लेट फिरवलीत. ती डोक्यापासून बाहेर, काटकोनात उचलून धरा आणि त्वचेपासून बोटभर अंतरावर प्लेट मिटा. टोकं झाडूसारखी ताठ दिसत असतील तर शेवटी मनगट किंचित आत वळवा. टोकांवर थांबू तर मुळीच नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे खांद्याखालचं टोक दोन-तीन वर्षांचं जुनं आहे.

केस सरळ झाले आणि खोलीबाहेर पडताच फुगले? पुरते वाळले नव्हते, किंवा हवा दमट आहे. दुसऱ्या कारणासाठी थंड झालेल्या केसांवर सिरमचे दोन थेंब, तेही टोकांकडून वर. पुन्हा स्ट्रेटनर नको.

केसावर मध्येच पांढरे ठिपके दिसले, ओला केस हलका ताणल्यावर परत आखडण्याऐवजी च्युइंगमसारखा लांबत गेला, किंवा धुतल्यावर पुढच्या कुरळ्या बटा सरळच राहिल्या, तर ते नुकसान झालेलं आहे. कोणताही मास्क त्याला पूर्ववत करत नाही. तेवढा भाग कापायचा आणि काही महिने स्ट्रेटनर कपाटात. माझी कानामागची बट मी सहा महिने चापात खोचून फिरले.

जळका वास येतो पण केस नीट दिसतात, असं झालं तर आधी प्लेट बघा. जुन्या स्प्रेचा आणि सिरमचा थर जळत असतो, आणि त्या खरबरीत थरावर केसही अटकतात. प्लग काढून, यंत्र पूर्ण गार झाल्यावर, रबिंग अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडानं पुसा. चाकूनं किंवा घासणीनं खरवडलंत तर मुलामा जाईल. वायर यंत्राभोवती गुंडाळून ठेवू नका. ती मुळाशी, जिथे फिरते तिथे आतून तुटते आणि मग यंत्र मध्येच बंद-चालू होतं. तसं व्हायला लागलं की चिकटपट्टी मारून काम भागवू नका, दुरुस्तीला द्या किंवा टाकून द्या.