प्रोटीनचा डबा संपला तरी बॉडी दिसत नाही? या चुका टाळा

जिम लावली की पहिल्याच आठवड्यात पोरं डबा घ्यायला पळतात, दोन-तीन हजार घालवतात आणि तीन महिन्यांनी "पावडर काम करत नाही" म्हणून सगळंच सोडून देतात. वाईट वाटतं बघून, कारण चूक बहुतेक वेळा वर्कआऊटमध्येच असते. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी जेवढं वजन लावून बेंच प्रेस (झोपून छातीवरनं वजन उचलायचा व्यायाम) मारत होता तेवढंच अजून मे महिन्यातपण मारताय, मग मसलनं वाढायचं कशासाठी? वजन नाहीतर रेप्स (एका दमात किती वेळा उचलता) नाहीतर सेट (असे किती फेरे मारता), काहीतरी हळूहळू वाढलंच पाहिजे, आणि ते वहीत लिहा, लक्षात राहत नाही. २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा आला होता, त्यात व्यायामासोबत जास्तीचं प्रोटीन घेणाऱ्यांचं चरबी सोडून वजन नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सरासरी ३०० ग्रॅमच जास्त वाढलेलं निघालं. फायदा आहे, पण एवढाच आहे, बाकीचं लोखंड करतंय.

त्याच आढाव्यात दिवसाला शरीराच्या वजनाच्या किलोमागं साधारण १.६ ग्रॅमच्या पुढं प्रोटीन वाढवून सरासरी जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे ६५ किलोच्या पोराला १०४ ग्रॅम. आता घरचं मोजा की, चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, पन्नास ग्रॅम कोरडे सोयाबीन वडे २५, वर ज्वारीच्या भाकरी आणि डाळ धरली तर शंभरच्या आसपास जातंय आणि डबा लागतच नाही. भाकरीसोबत डाळ घ्याच, ज्वारीत लायसिन (प्रोटीनमधला एक गरजेचा घटक) कमी असतं ते डाळीतनं भरून निघतं. शेंगाचटणीवर मात्र भरवसा ठेवू नका, आपल्याला कितीही आवडली तरी दोन चमच्यांत पाचेक ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि तेल त्याच्या दुप्पट.

व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात शेक नाही प्यायला तर वाया गेलं, असं काही नाही, दिवसभराचा आकडा महत्त्वाचा.

बारीक पोरांना दुकानदार मास गेनर (वजन वाढवायची पावडर) देतात. मागचं लेबल वाचा, त्यात बहुतेक कार्बच असतात, तेवढ्या पैशात केळी, दूध, भात किती येईल बघा. व्हे (दुधापासनं काढलेली प्रोटीन पावडर) घेताना एका स्कूपमध्ये (डब्यातल्या मापात) प्रोटीन किती ते बघा, ३० ग्रॅमच्या स्कूपला २४ च्या आसपास चांगलं. एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा) १४ आकडी लायसन्स नंबर त्यांच्या साइटवर टाकून तपासा, आणि "अर्ध्या किमतीत ओरिजिनल" म्हणणाऱ्याकडनं, तो जिममधला ट्रेनर का असेना, घेऊ नका.

पोट फुगत असेल तर कॉन्सन्ट्रेट या साध्या व्हेमधलं लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नसेल, अर्धा स्कूप करून बघा नाहीतर आयसोलेट (लॅक्टोज जवळपास काढून टाकलेलं व्हे) घ्या. आणि किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नका.