वैश्विक किरणांच्या साहाय्याने सिंटिलेटर पॅडलची कार्यक्षमता कशी मोजावी

सिंटिलेटर म्हणजे कण आरपार गेल्यावर प्रकाशाची चमक सोडणारा पदार्थ, आणि त्याचा सपाट तुकडा म्हणजे पॅडल; ही चमक फोटोमल्टिप्लायर नावाची नळी टिपून तिचा विद्युत स्पंद करते. अशा डिटेक्टरमधून गेलेल्या विद्युतभारित कणांपैकी किती कणांची त्याने नोंद घेतली, हे प्रमाण म्हणजे त्याची कार्यक्षमता. हा आकडा हाती नसेल, तर मोजणीवरून कणांचा खरा प्रवाह काढता येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगासाठी सिंटिलेटरचे बाह्य हॅड्रॉन कॅलोरिमीटर (कणांची ऊर्जा मोजणारे उपकरण) उभारण्यात भाग घेतला, आणि उटीच्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगात एक चौरस मीटरचे सिंटिलेटर डिटेक्टर उघड्यावर मांडलेले आहेत. एवढ्या मोठ्या यंत्रणेतही डिटेक्टरची पारख करण्यासाठी म्युऑनच, म्हणजे वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होऊन जमिनीपर्यंत पोहोचणारे विद्युतभारित कण, वापरता येतात. पदव्युत्तर प्रयोगशाळेत त्यासाठी त्वरकाची (कणांना वेग देणाऱ्या यंत्राची) गरज नाही, कारण समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन येतो आणि तो एक सेंटिमीटर जाडीच्या प्लास्टिक सिंटिलेटरमध्ये सुमारे २ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा सोडतो.

तीन पॅडल एकावर एक आडवी ठेवावीत. वरचे ‘अ’ आणि खालचे ‘क’ ही साक्षीदार पॅडल, तर मधले ‘ब’ हे तपासायचे. ‘अ’ आणि ‘क’ या दोघांतून गेलेला म्युऑन ‘ब’मधूनही गेलाच असला पाहिजे, म्हणून ‘ब’ चारही बाजूंनी साक्षीदारांपेक्षा मोठे असावे. तिन्ही पॅडल सारख्याच आकाराची घेतली आणि ती किंचितशी जरी सरकली, तरी तिरपे म्युऑन ‘ब’च्या कडेबाहेरून निसटतात आणि चांगले पॅडल उगाचच अकार्यक्षम ठरते. निकाल कमी आला की पुष्कळजण आधी इलेक्ट्रॉनिक्सवर संशय घेतात. माझ्या मते आधी मोजपट्टी हाती घ्यावी.

प्रत्येक पॅडल परावर्तक कागदात व त्यावर काळ्या कागदात गुंडाळून काळ्या टेपने बंद करावे. प्रकाशगळती तपासण्यासाठी खोलीतला दिवा लावून आणि बंद करून मोजणीचा दर पाहावा. तो बदलत असेल, तर काळे कापड एकेका सांध्यावर टाकत फट शोधावी. फोटोमल्टिप्लायरला उच्च विद्युतदाब दिलेला असताना गुंडाळी कधीही उघडू नये, कारण उजेडाने नळी कायमची बिघडू शकते.

आता डिस्क्रिमिनेटरची, म्हणजे ठरावीक उंचीपेक्षा मोठेच स्पंद पुढे सोडणाऱ्या परिपथाची, मर्यादा, समजा, ३० मिलिव्होल्टवर स्थिर ठेवावी आणि ‘ब’चा विद्युतदाब २५ ते ५० व्होल्टच्या टप्प्यांनी वाढवत, प्रत्येक टप्प्यावर तिहेरी कोइन्सिडन्सच्या (तिन्ही पॅडलचे स्पंद एकाच वेळी आल्याच्या नोंदींच्या) संख्येला ‘अ-क’ या दुहेरी कोइन्सिडन्सच्या संख्येने भागावे. हे गुणोत्तर आधी झपाट्याने चढते आणि मग सपाट होते. कामाचा विद्युतदाब या सपाटीच्या सुरुवातीपासून थोडा पुढे निवडावा. त्याहून वर गेल्यास कार्यक्षमतेत भर पडत नाही, फक्त नळीचा गोंगाट वाढतो.

खरी मेख योगायोगाने जुळणाऱ्या स्पंदांत आहे. साक्षीदार पॅडल १० सेंटिमीटर चौरस असून त्यांच्यात २० सेंटिमीटर अंतर असेल, तर दोघांतून जाणारे म्युऑन मिनिटाला दहाच्या आसपास मिळतात. प्रत्येक साक्षीदाराचा स्वतंत्र दर सेकंदाला २०० आणि डिस्क्रिमिनेटरच्या स्पंदाची रुंदी १०० नॅनोसेकंद असल्यास, दोन्ही दरांच्या गुणाकाराला रुंदींच्या बेरजेने गुणून सेकंदाला ०.००८, म्हणजे मिनिटाला जवळपास अर्धी खोटी नोंद येते. अशा बहुतेक नोंदींच्या वेळी ‘ब’मधून काहीच गेलेले नसते, त्यामुळे कार्यक्षमता सुमारे पाच टक्क्यांनी कमी दिसते. रुंदी ५० नॅनोसेकंद केल्यास हा दोष निम्म्यावर येतो. शिवाय ‘क’चा स्पंद काही शे नॅनोसेकंद उशिरा पाठवून पुन्हा मोजणी करावी, तेव्हा मिळणारा दुहेरी दर निव्वळ योगायोगाचा असतो आणि तो मूळ दुहेरी दरातून वजा करावा. मात्र रुंदी फारच कमी केल्यास केबलच्या लांबीतला फरकही बाधतो, कारण नेहमीच्या केबलमध्ये स्पंदाला एक मीटर जायला ५ नॅनोसेकंद लागतात.

अनिश्चितता काढताना अंश आणि छेद यांना स्वतंत्र संख्या मानू नये, कारण तिहेरी नोंदी दुहेरी नोंदींतच मोडतात. कार्यक्षमतेला एकमधून तिच्याच वजाबाकीने गुणावे, दुहेरी नोंदींच्या संख्येने भागावे आणि वर्गमूळ घ्यावे. ९५ टक्के कार्यक्षमतेसाठी हजार नोंदींवर ही अनिश्चितता ०.७ टक्के येते आणि दहा हजारांवर ०.२ टक्के. मिनिटाला दहाच्या दराने दहा हजार नोंदींना सतरा तास लागतात, म्हणून मोजणी संध्याकाळी सुरू करून रात्रभर चालू ठेवणे सोयीचे.

लांब पॅडलसाठी एकच आकडा पुरेसा नसतो. साक्षीदार जोडी ‘ब’च्या लांबीवर सरकवत किमान तीन जागी, म्हणजे नळीजवळ, मध्यभागी आणि दूरच्या टोकाला, मोजणी करावी. दूरच्या टोकाकडून नळीपर्यंत पोहोचेस्तोवर प्रकाश शोषला जातो, त्यामुळे तिथली कार्यक्षमता सर्वांत आधी घसरते. तिथे घसरण दिसली, तर विद्युतदाब वाढवण्यापूर्वी नळी व सिंटिलेटर यांच्यातील ऑप्टिकल ग्रीस आणि हवेचे बुडबुडे तपासावेत, आणि अहवालात तिन्ही जागांचे आकडे त्यांच्या अनिश्चिततेसह स्वतंत्र नोंदवावेत.