कॅम्परच्या सांडपाण्याच्या टाकीतल्या माश्या

कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, बेसिनभोवती केसाळ पंखांच्या बारीक राखाडी माश्या दिसल्या की हात आधी स्प्रेकडे जातो. उडणाऱ्या मरतात, पुढच्या आठवड्यात तितक्याच परत येतात. अळ्या असतात टाकीच्या आणि पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात. तेलकट भांड्यांचं पाणी, भाताची पेज, चहाचा चोथा यांवर तो थर पोसतो.

आधी खात्री करा. रात्री बेसिनच्या भोकावर चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून लावा, कडेला थोडी फट ठेवा. सकाळी माश्या चिकटलेल्या असतील तर उगम आतच आहे. नसतील तर केळी आणि कचऱ्याचा डबा बघा.

50 लिटरची प्लॅस्टिक टाकी रिकामी करून 20 लिटर गरम पाण्यात 200 ग्रॅम धुण्याचा सोडा घाला. सोडा आधी बादलीत विरघळवा, मगच टाकीत ओता, नाहीतर खडे तळाशी बसतात. हातात रबरी मोजे हवेत. उकळतं पाणी नको, पीव्हीसी मऊ पडून सांधे गळतात. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला सोडा खातो, तिथे भांड्यांचा साबण वापरा. मग गाडी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत फिरवून आणा. पाणी चारी बाजूंना आपटलं पाहिजे. रात्रभर ठेवून सोडून द्या. बेसिनखालचा ट्रॅप (पाणी साचून राहणारा वाकडा पाइप) मात्र खोलून ब्रशनेच घासा, सगळ्यात जाड थर तिथे असतो. अंड्याची माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून दहा दिवसांनी हेच पुन्हा करा.

ब्लीच टाळा, रबरी सील कडक होतात. टॉयलेट क्लीनरमध्ये तर कधीच मिसळू नका: बंद गाडीत क्लोरीन वायू जीवावर बेततो.

पाणी सोसायटीच्या ड्रेनेज चेंबरमध्येच सोडा. पावसाळी गटार ओढ्यामार्गे नदीला मिळतं. खडकवासला, पानशेतच्या काठी तर व्हॉल्व्हला हातही लावू नका, पुणे शहर तेच पाणी पितं.

पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल तर टाकी कोरडी करा, व्हेंट पाइपवर (टाकीतली हवा बाहेर जाण्याच्या नळीवर) एक मिलिमीटरची स्टीलची जाळी बसवा. ट्रॅपमधलं पाणी आटलं की झुरळांना वाट मोकळी होते, तेव्हा बेसिनला बूच आणि बाहेरच्या पाइपला टोपण लावा. डेंगीचा डास शक्यतो घाण पाण्याकडे फिरकत नाही. त्यासाठी ताज्या पाण्याची टाकी आणि छतावरच्या ताडपत्रीच्या घड्या तपासा. व्हॉल्व्ह जड फिरत असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं.